वद्य द्वितीयेची सुट्टी

"सव्वीस जानेवारी गेली," भदाणे म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"गेली म्हणजे?" मी विचारलं.

"चौथ्या शनिवारी आलीय, बाई. शनिवार आपला होताच. म्हणजे ती फुकट."

डिसेंबरातली दुपार होती. पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांचं परिपत्रक आमच्या कासारखेडच्या तहसील कचेरीत नुकतंच आलं होतं आणि सगळी कचेरी भदाण्याच्या टेबलाभोवती उभी होती. एक फाईल शोधायला ज्यांना आठवडा पुरत नसे, ती माणसं अर्ध्या मिनिटात खुर्च्या सोडून धावली होती. भदाणे वसुली शाखेतला कारकून. दोन गटांच्या क्षेत्राची बेरीज त्याला पहिल्या खेपेला कधी जुळली नाही, पण कोणती तारीख कोणत्या वारावर पडते ते तोंडपाठ. कचेरीत त्याला शास्त्रीबुवा म्हणत. माझ्या मते हा शास्त्र्यांचा अपमान होता.

तो लाल पेन्सिलीने तारखांना गोल करत होता आणि बाकीचे मान लांब करून बघत होते.

"रामनवमी आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी. दोन सुट्ट्या, सोमवार एक."

मागून कुणीतरी चुकचुकलं.

"दोन ऑक्टोबरला ईद."

"अरेरे," नायब तहसीलदार देवकुळे साहेब म्हणाले. चहाचा कप घेऊन ते मुद्दाम केबिनमधून बाहेर आले होते. "इथेही एक गेली म्हणायची."

मी जागेवरून उठले नाही. मी अव्वल कारकून, दाखल्यांचं टेबल माझ्याकडे. या लोकांची मला मनापासून किळस यायची. रामनवमीला भर बारा वाजता पाळणा हलतो, बुवा जन्माचं पद घेतात, म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसतात, आणि यांच्या लेखी राम जन्मला तो एक सोमवार खाऊन. मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली आख्यानं मला अजून पाठ आहेत. बुवांनी उपरणं सारखं करून झांज हातात घेतली की माझ्या अंगावर काटा येतो, तो आजही. माझं वर्ष जन्मोत्सव, सप्ताह आणि पुण्यतिथ्या यांवर चालायचं. त्यांचं वर्ष लाल गोलांवर. आम्ही एकच कॅलेंडर बघत होतो हे मला तेव्हा पटलं नसतं.

"आता ऑगस्ट बघा," भदाण्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पंधरा शुक्रवार. सतरा रविवार. एकोणीस मंगळवार, पतेती."

"मधला शनिवार?"

"शनिवारी राखीपौर्णिमा. किरकोळ रजा टाकायची, बहिणी सगळ्यांनाच आहेत. सोमवार तेवढा नडतोय. तो सुटला तर सलग पाच. गोवा होतं बघा आरामात."

सोमवार, अठरा ऑगस्ट. पौर्णिमा शनिवारी, म्हणजे सोमवारी श्रावण वद्य द्वितीया. ती तिथी मला भदाण्याने सांगायला नको होती. त्या दिवशी मुकुंदबुवांची पुण्यतिथी. शंभरएक वर्षांपूर्वी आमच्या गावात होऊन गेलेले कीर्तनकार. दत्तमंदिरात त्यांची समाधी आहे आणि तिथे पाच दिवस कीर्तन महोत्सव होतो. शेवटच्या दिवशी सकाळी गुलालाचं कीर्तन. ते मला दर वर्षी अर्धंच मिळायचं. तासाभराची सवलत मागून जायचं आणि उत्तररंग ऐन रंगात आला की दाखल्यांसाठी परत यायचं.

जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या द्यायचा अधिकार असतो. तालुक्याने मागावी लागते. सहा वर्षं मी पुण्यतिथीच्या सुट्टीचा प्रस्ताव लिहीत होते आणि सहा वर्षं तो देवकुळे साहेबांच्या कपाटात झोपत होता.

"साहेब," मी बसल्या जागेवरून म्हणाले, "सोमवारी मुकुंदबुवांची पुण्यतिथी आहे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या प्रेमाने त्या कचेरीत माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

प्रस्ताव त्याच संध्याकाळी टाईप झाला. 'जनतेच्या तीव्र धार्मिक भावना लक्षात घेता' हे वाक्य भदाण्याने सुचवलं. देवकुळे साहेबांनी कपाटातली जुनी सहा पत्रं संदर्भ म्हणून जोडायला दिली.

"आपली श्रद्धा आहेच," सही करताना ते म्हणाले. "समाधी कुठेशी आहे म्हणालात, रिसबूडबाई?"

"कचेरीपासून चार मिनिटांवर, साहेब."

मार्चमध्ये मंजुरी आली. त्यांचा मोह आणि माझी भक्ती एकाच कागदावर गेली, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण देव कुणाच्याही हातून आपलं काम करून घेतो, अशी मी मनाची समजूत घातली. सुट्टीची सूचना मीच टाईप केली आणि मीच फलकावर लावली.

चौदा ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी तीनला कचेरी म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावरचा मांडव झाली होती. भदाणे दोनलाच गेला. दुसऱ्या दिवशीच्या ध्वजवंदनाच्या हजेरीवर त्याने आदल्या दिवशीच सही करून ठेवली होती. स्वातंत्र्य मिळालंच आहे, ते उद्या काही परत जात नाही, असं म्हणून हसलासुद्धा. तहसीलदार साहेब जिल्ह्याला. मी माझं टेबल आवरत होते, कारण साडेपाचला देवळात पहिलं कीर्तन होतं.

तेवढ्यात सिताराम गुरव आले. हे आमच्या महोत्सवाचे तबलजी. पिंपळदऱ्याहून एसटीने यायचे. पंधरा वर्षं त्यांनी एक महोत्सव चुकवला नव्हता. त्यांच्या बोटांत असं काही होतं की बुवांच्या तोंडून शब्द यायच्या आधी तबल्याला तो ठाऊक असायचा. सोबत त्यांची मुलगी सुवर्णा. सरकारी नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं.

"उत्पन्नाचा दाखला तेवढा राहिलाय, बाई," ते म्हणाले. "तलाठ्याचं कालच हातात आलं. बुधवारी बारापर्यंत सगळे कागद जिल्ह्याला दाखल करायचेत. नाहीतर जागा खालच्या नावाला देतात म्हणे."

"कुणी म्हणे नाही, अण्णा," सुवर्णा म्हणाली. "पत्रातच लिहिलंय."

मी तलाठ्याचा अहवाल बघितला. कागद चोख होते. दहा मिनिटांत दाखला टाईप केला. आता फक्त नायब साहेबांची सही आणि शिक्का. केबिन रिकामी होती. खिडकीतून बघितलं तर देवकुळे साहेब खाली आवारात गाडीच्या डिकीत सामान भरत होते. एक फुगलेली बॅग, मुलांच्या पोहायच्या रबरी ट्यूबा, एक छत्री. सकाळी मला सांगत होते, जरा कणकण वाटतेय, लवकर निघतो. कणकण आलेला माणूस रबरी ट्यूब पायाने दाबून बसवत होता. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, हात हलवला. मी तोंड फिरवलं.

"साहेब निघून गेलेत," मी सिताराम यांना म्हणाले. "तुम्ही सोमवारी या. सकाळी दहाला. सही घेऊन ठेवते."

"सोमवारी नक्की ना?" सुवर्णाने विचारलं.

"अगं, बाईंनी सांगितलं म्हणजे झालं," सिताराम म्हणाले. "चला बाई, बुवा येतील एवढ्यात. आज तबला चढा लावायचाय."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी 'सोमवारी या' हे किती हजार वेळा म्हणाले असेन. शनिवारी आलेल्याला सोमवारी या, गुरुवारी आलेल्याला सोमवारी या. जीभ आपोआप तिथे जाते. त्या सोमवारसाठी मी सहा वर्षं झगडले होते, त्या दिवशी कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरलं होतं. पण माझ्या डोक्यात ती वद्य द्वितीया होती. सोमवार दुसरीकडे कुठेतरी होता, कचेरीच्या कप्प्यात.

शुक्रवारी ध्वजवंदनाला आम्ही सहा जण होतो. हजेरीपटावर सत्तावीस सह्या होत्या. शनिवारी कचेरी उघडी होती म्हणतात. मला माहीत नाही. शनिवारी मीही किरकोळ रजा टाकली होती. पण माझी रजा देवासाठी होती.

सोमवारी सकाळी नऊला मी पहिल्या रांगेत बसले. पोटभर कीर्तन ऐकायचं होतं, अगदी गुलाल आणि प्रसादापर्यंत. हर्डीकरबुवा उभे राहिले, पेटीने सूर धरला, आणि डावीकडची तबल्याची जागा मोकळी. पाच मिनिटं वाट बघितली. मग बुवांनी नुसत्या झांजेवर नमन सुरू केलं. तबल्याशिवाय कीर्तन म्हणजे मिठाशिवाय आमटी. माझा संताप झाला. शेजारच्या ओककाकूंना मी म्हणाले, "पंधरा वर्षं झाली की माणसाला वाटतं आपल्यावाचून अडतंय. चार रात्री वाजवून आज ऐन पुण्यतिथीला झोप लागली असेल."

बुवांनी पूर्वरंगाला गजेंद्राच्या हाकेचा दाखला घेतला. "हत्तीने हाक मारली," ते म्हणाले, "आणि देव उठला. गरुड आला नाही, पायात पादुका नाहीत, तसाच निघाला. लक्ष्मीने विचारलं, अहो, एवढी घाई? देव म्हणाला, त्याचा पाय मगरीच्या तोंडात आहे. मंडळी, देवाने पंचांग उघडलं नाही. आज वार कोणता, उद्या जोडून काय येतंय, हे बघितलं नाही. नाहीतर गजेंद्राला निरोप गेला असता, की बाबा, पाच दिवस दम धर."

मंडप हसला. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. मागे वळून बघितलं, आमच्या कचेरीतलं कुणी आहे का, ज्याला हा टोला बसावा. एकही नव्हता. एवढा सुंदर टोला, आणि तो बसायला कासारखेड तालुक्यात माणूस शिल्लक नाही, याची मला हळहळ वाटली.

पूर्वरंग संपला, नामघोष सुरू झाला. विनायकभट पुजारी सगळ्यांना बुक्का लावत माझ्यापाशी आले.

"सिताराम कुठे उलथले?" मी विचारलं.

"कचेरीत," बोट माझ्या कपाळावर टेकवून ते म्हणाले. "पहाटे मुलीला घेऊन आला. मी म्हटलं, अरे, नमनाला हवास की. तर म्हणाला, बाईंनी दहाला बोलावलंय, सही घेतो आणि उत्तररंगाला पोचतो. अजून नाही आला. मला कळेना, आज कचेरी उघडी कशी."

मी उठले. भर नामघोषात मंडपातून उठून गेले. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

चार मिनिटांचा रस्ता. कचेरीच्या पायरीवर सिताराम बसले होते, शेजारी तबल्याची जोडी कापडात बांधलेली. सुवर्णा उभी, कागदांची पिशवी छातीशी धरून. दाराला कुलूप. सुट्टीची सूचना आतल्या फलकावर होती, कुलपाच्या आत.

"आलात बाई," ते उठले. "मी हिला तेच सांगत होतो. ही म्हणते अकरा वाजत आले, चला. म्हटलं, कचेरी आहे, थोडं पुढंमागं व्हायचंच. बाई येणार."

"आज सुट्टी आहे," मी म्हणाले.

"कशाची?" सुवर्णाने विचारलं.

माझ्या कपाळावर बुक्का होता. "मुकुंदबुवांच्या पुण्यतिथीची."

सिताराम यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुलपाकडे. "पण कचेरी चालू असायची की. तुम्हीच मधून उठून यायच्या."

"या वर्षीपासून आहे."

"कुणी दिली?" सुवर्णा म्हणाली.

"जिल्हाधिकाऱ्यांनी."

कागदावर हे शंभर टक्के खरं होतं. आपण कुठल्या खात्यात एकतीस वर्षं काढली ते त्या उत्तरावरून कळावं.

"आणि उद्या?"

"उद्या पतेती."

देवळाच्या कर्ण्यावरून नामघोष तिथपर्यंत ऐकू येत होता.

"असू दे," सिताराम म्हणाले. माझं तोंड बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, बाई. आणि सुट्टी तरी कुणाची? देवाची. देवाच्या सुट्टीला काय बोलणार."

"देवाची कुठली, अण्णा," सुवर्णा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "देऊळ उघडं आहे. बंद कचेरी आहे."

सिताराम यांनी तबला उचलला. "मी जातो. बुवा खोळंबले असतील." आणि ते गेले. थोड्या वेळाने कर्ण्यावरून तबला ऐकू आला. त्या दिवशीही त्यांनी एक मात्रा सोडली नाही. सुवर्णा पायरीवर बसून राहिली आणि मी तिच्याशेजारी. पोटभर ऐकायचा तो उत्तररंग मी त्या पायरीवर ऐकला, आणि एक शब्द आठवत नाही.

देवकुळे साहेबांचा मोबाइल दोन दिवस लागला नाही. तहसीलदारांच्या बंगल्यावरचा शिपाई म्हणाला, बुधवारी दुपारी येतील. बुधवारी सकाळी सुवर्णा विनंतीचा अर्ज घेऊन जिल्ह्याला गेली, आणि सिताराम कचेरीत थांबले, सही झाली की मागोमाग निघायचं म्हणून. एसटीला सव्वा तास. देवकुळे साहेब पावणेबाराला आले. नाक उन्हाने सोललेलं, हातात काजूचा पुडा. दाखला मी त्यांच्यापुढे धरला. न वाचता सही केली.

"अर्जंट होता का?"

"बारापर्यंत जिल्ह्याला पोचायला हवा होता."

"मग गुरुवारीच नाही का सांगायचं, बाई? मी खालीच होतो. सामान भरत होतो. तुम्ही खिडकीतून बघितलंत की मला, मी हातसुद्धा केला. एक हाक मारायची. डिकीवर कागद ठेवून सही केली असती." ते खरंच गोंधळून माझ्याकडे बघत होते. "काजू घ्या."

मी काजू घेतला. हातात धरून उभी राहिले.

खरं होतं ते. त्यांनी सही केली असती. ते आळशी होते, खोटारडे होते, पण सही मागितली तर नाही म्हणत नसत. मला एवढंच करायचं होतं, खिडकीतून म्हणायचं होतं, साहेब, थांबा. पण रबरी ट्यूब दाबणाऱ्या माणसाला हाक मारणं मला कमीपणाचं वाटलं. त्या वेळी मला त्यांची सही नको होती. मला त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायची होती, आणि तो आनंद मी पुरेपूर घेतला. बारा वाजता जागा खालच्या नावाला गेली.

मार्गशीर्षात सिताराम पत्रिका घेऊन कचेरीत आले. सुवर्णाचं लग्न.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता," मी म्हणाले.

"वर्षभर घरी बसून काय करायची? आणि स्थळ चांगलं आलं." पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "मुहूर्त तीन निघाले होते. आम्ही मुद्दाम रविवारचा धरला. म्हटलं, बाईंना सुट्टी पाहिजे ना यायला."

मी लग्नाला गेले. सुवर्णाने वाकून नमस्कार केला.

त्याच महिन्यात नवं परिपत्रक आलं, आणि भदाणे लाल पेन्सिल घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

"बाई, तुमची द्वितीया या खेपेला शुक्रवारी. लागून दुसरा शनिवार, मग रविवार. प्रस्ताव टाका, सगळे सह्या करतो."

"यंदा नाही टाकायचा."

"अहो, पण तीव्र धार्मिक भावना?"

"देऊळ उघडं असतं, भदाणे. रजा टाका आणि या कीर्तनाला. पहिल्या रांगेत जागा धरते तुमच्यासाठी."

तो मला देवद्रोही म्हणत गावभर फिरला. तालुक्यात माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी असं म्हणालं.

त्या वर्षी वद्य द्वितीयेला दहा वाजता मी टेबलावर होते. कीर्तनाला मी गेले नाही, आणि भदाणेही गेला नाही. तो पोटदुखीच्या रजेवर महाबळेश्वरला होता. खिडकीतून बुवांचं नमन ऐकू येत होतं आणि खाली तबला, तोच. अकराच्या सुमाराला एक बाई आली. डोक्यावरून पदर, हातात मुलाचे कागद. एक अहवाल कमी होता, तो तलाठ्याकडून मागवायला हवा होता. तिने माझा चेहरा बघितला आणि माझ्याआधी तीच म्हणाली, "सोमवारी येऊ का?"

"बसा," मी म्हणाले.

मी तलाठ्याला फोन लावला. पेपर वाचत बसलेल्या देवकुळे साहेबांच्या दारात जाऊन सांगितलं की सही झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मग परत येऊन टेबलाशी बसले. देवळात उत्तररंग सुरू झाला होता. ती बाई माझ्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी दाखला टाईप करत होते.